चीनमधल्या सुना आणि माहेरचं आडनाव

प्रश्न : थोरल्या मुलाचं लग्न झालं. सून म्हणते, माझं नाव-आडनाव आहे तेच राहील. चाळीत यावर बरीच बोलाचाली झाली. एक शेजारीण म्हणाली, चीनमध्ये तर पूर्वीपासून बायका बापाचंच आडनाव लावतात. हे खरं का? मग तिथं सुनेला आपल्यापेक्षा जास्त मान होता का? पुढच्या आठवड्यात सत्यनारायण आहे, पत्रिकेवर तिचं नाव कसं छापू?
– एक वाचक, लालबाग

उत्तर : शेजारीणबाईंचं खरं आहे. वांगांच्या घरी दिलेली चेनांची मुलगी मरेपर्यंत चेनच राहायची. पण त्यात मान कसला? घराण्याच्या वंशावळीत मुलांची नावं पिढ्यान्‌पिढ्या लिहिलेली, आणि सुनेच्या जागी बहुधा नुसतं ‘चेन-शी’, म्हणजे चेनांकडची. तिचं स्वतःचं नाव नाहीच. माहेरी म्हण अशी, की लग्न झालेली मुलगी म्हणजे ओतून टाकलेलं पाणी.

मला माझी आजी आठवते. गिरणीत वाइंडिंग खात्यात होती, पगाराचं पाकीट न फोडता सासूच्या हातात द्यायची. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीनं लिहिलेलं नाव तिनं साठ वर्षं वागवलं. ती गेली त्या दिवशी गावाहून तिचा भाऊ आला आणि ‘चंद्रे, चंद्रे’ म्हणून रडला. ते नाव आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

चिनी रीतीप्रमाणे बाईनं आधी बापाचं, मग नवऱ्याचं आणि तो गेल्यावर मुलाचं ऐकायचं. तरी तिकडच्या सासवा एवढ्या करारी कशा? कारण आईबापांची सेवा हा मुलाचा सगळ्यात मोठा धर्म. विधवा आईचा शब्द कर्ता मुलगाही सहसा मोडत नसे. म्हणून सुनेचा जीव मुलगा होण्यात अडकलेला. तो झाला की घरात पाय रोवले, त्याची बायको आली की हुकूम ऐकणारं माणूस मिळालं. आणि तेव्हापासून धास्ती एकच, मुलगा बायकोच्या मुठीत जाईल ही. काही गरीब घरांत तर लहानगी पोरच सून म्हणून आणत. लग्नाचा खर्च वाचे, आणि पोर सासूच्या हाताखाली वाढे.

बान चाव ही हान राजवटीच्या काळातली, म्हणजे सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीची इतिहासकार, मोठी विदुषी. तिनं आपल्या लेकींना लिहून ठेवलं, की सासूचं चुकत असलं तरी तिचंच ऐका. एवढी शिकलेली बाई असं लिहिते, याचं मला फार वाईट वाटतं. पण बायको टाकायला सात कारणं चालत, त्यांत सासू-सासऱ्यांची सेवा न करणं हेही एक होतं. तीन बाबतींत मात्र तिला टाकता येत नसे : तिनं सासू-सासऱ्यांचं तीन वर्षांचं सुतक पाळलं असेल, गरिबीतल्या संसाराला नंतर बरे दिवस आले असतील, किंवा परत जायला माहेर उरलं नसेल.

हुनान प्रांतातल्या ज्यांगयोंग भागात बायकांची वेगळी लिपीच होती, नूशू. बायकाच बायकांना शिकवायच्या. लग्नाच्या तिसऱ्या दिवशी आईकडून, मैत्रिणींकडून नवरीला कापडी बांधणीची वही यायची. पुढच्या पानांवर ताटातुटीची गाणी, मागची पानं कोरी, तिनं लिहावं म्हणून. आपल्या बायकांनी हेच जात्यावर ओव्यांतून सांगितलं. बाई गेली की पुष्कळदा वहीही तिच्याबरोबर जाळत किंवा पुरत, म्हणून फार थोड्या उरल्या.

१९५० च्या विवाह कायद्यानं नवरा-बायको दोघांनाही आपापलं आडनाव लावायचा हक्क दिला. तेव्हा ते आडनाव खऱ्या अर्थानं तिचं झालं.

पत्रिकेवर सुनेचं नाव तिच्या आडनावासकट, मुलाच्या नावाशेजारी छापा. छापखान्यात द्यायच्या आधी तिच्याकडून एकदा वाचून घ्या, आडनावातला ऱ्हस्व-दीर्घ चुकायला नको.