आरसी विमान : आधी वजन सांगा, मग वेग

प्रश्न : ताई, मुलगा आठवीत आहे. त्याच्यासाठी पहिलं रेडिओ कंट्रोल विमान घ्यायचं ठरवलंय. दुकानात दोन दाखवली, किमतीत फारसा फरक नाही. एकाच्या खोक्यावर ताशी 80 किलोमीटर लिहिलंय, दुसऱ्याच्या 45. मुलाला अर्थातच 80 वालं हवंय. नवशिक्याला किती वेग झेपतो?
— एक पालक, लातूर

उत्तर : 45 वालं घ्या, आणि मुलाला कारण सांगून घ्या, म्हणजे तो हिरमुसणार नाही. ताशी 80 म्हणजे सेकंदाला 22 मीटर. विमान आपल्याकडे तोंड करून येत असतं तेव्हा डावं-उजवं उलटं होतं. रिमोटची स्टिक कुठे न्यायची हे सुचायला नव्या मुलाचा सेकंद-दीड सेकंद सहज जातो. तेवढ्यात 80 वालं 33 मीटर पुढे गेलेलं असतं, म्हणजे शाळेच्या मैदानावर थेट कुंपणाशी. 45 वालं थ्रॉटल (मोटरची ताकद) कमी ठेवून ताशी 35 ने उडवलं तर तेवढ्याच वेळात 15 मीटरही जात नाही. चूक कळायला आणि सावरायला जागा राहते.

तरी खोक्यावरचा आकडा मी दुय्यम मानते. तो जास्तीत जास्त वेग असतो, थ्रॉटल खाली घेतलं की उतरतो. खरा आकडा असतो तो किमान वेगाचा, आणि तो बहुतेकदा छापलेलाच नसतो. त्या वेगाखाली गेलं की पंख विमान पेलत नाहीत, एक पंख कलंडतो आणि विमान गिरकी घेत खाली येतं. हाच स्टॉल. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या फोमच्या विमानांचं नाक बघितलं की कळतं, भरधाव जाऊन आपटलेली थोडी, हळू होऊन पडलेली जास्त.

हा किमान वेग घरी काढता येतो. बॅटरीसकट विमान स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा. पंखाची लांबी आणि रुंदी मोजा. समजा पंख 120 सेंटिमीटर लांब, 20 रुंद, म्हणजे 24 चौरस डेसिमीटर, आणि वजन 720 ग्रॅम. भागाकार केला की चौरस डेसिमीटरमागे 30 ग्रॅम भार येतो. एवढ्या भाराचं साधं ट्रेनर, म्हणजे शिकाऊ विमान, ताशी 24 किलोमीटरच्या आसपास स्टॉल होतं. त्याच्या दीडपट, म्हणजे 36 च्या आसपास, ते निवांत उडतं. शिकायला हाच वेग उत्तम. वजन दुप्पट केलं की किमान वेग दुप्पट होत नाही, 1.4 पट होतो. तेच विमान 1440 ग्रॅमचं केलं तर 34 खाली जाता येणार नाही, आणि उतरवताना ते पोराच्या हातात राहणार नाही. पहिल्या विमानाला चौरस डेसिमीटरमागे 35 ग्रॅमच्या वर मी जाऊ देत नाही. दुकानदाराला वजन आणि पंखाचं माप विचारा. ते सांगता येत नसेल तर काटा मागून घ्या, यात लाजण्यासारखं काही नाही.

पंख अंगाच्या वर बसवलेला आणि दोन्ही टोकांना किंचित उचललेला असावा. मग स्टिक सोडल्यावर विमान बऱ्याच अंशी आपलं आपण सरळ होतं.

प्रश्न : डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सनबोर्डचं विमान बनवतोय. 2212 ची 1000 केव्ही मोटर, 1045 प्रॉपेलर, 30 अँपिअरचा ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट), 3एस 2200 ची बॅटरी. याला वेग किती मिळेल? मित्र म्हणतो 8 बाय 6 चा प्रॉपेलर लाव, जास्त पळेल.
— सांगली

उत्तर : हिशोब सोपा आहे, कागदावर कर. 1045 म्हणजे 10 इंच व्यास, 4.5 इंच पिच. एका फेऱ्यात प्रॉपेलर, घसरण सोडली तर, 4.5 इंच पुढे सरकतो. केव्ही म्हणजे व्होल्टमागे मिनिटाला किती फेरे. 1000 केव्ही गुणिले 3एस, म्हणजे तीन सेलच्या, बॅटरीचे 11.1 व्होल्ट म्हणजे मोकळी फिरताना मिनिटाला 11,100 फेरे, पण प्रॉपेलर लावल्यावर ते 8,000 च्या आसपास उतरतात. 8,000 गुणिले 4.5 इंच म्हणजे मिनिटाला 914 मीटर, ताशी 55 किलोमीटर. ही वरची मर्यादा झाली. त्याच्याजवळ जाता जाता ओढ संपत येते, म्हणून सरळ उड्डाणात 40 ते 45 धर. तुझ्या पहिल्या विमानाला ते पुरेसं आहे.

8 बाय 6 लावलास आणि फेरे 9,000 मिळाले तर हीच मर्यादा ताशी 82 वर जाते, मित्राचं तेवढं बरोबर. पण हातातून सोडताना, विमान हळू असताना, जी ओढ लागते ती मोठ्या व्यासाचा, कमी पिचचा प्रॉपेलरच चांगली देतो. हाताने सोडतोस तेव्हा दोन-तीन सेकंदांत स्टॉलच्या वर जायचं असतं, तिथे 1045 कामाला येतो. सोडताना नाक आभाळाकडे करू नकोस. वाऱ्याकडे तोंड, विमान सपाट, थ्रॉटल पाऊणच्या वर, आणि हात खांद्यापासून सरळ पुढे. प्रॉपेलर मागे असेल तर बोटं सांभाळ.

मला काळजी सनबोर्डची वाटते. बाजारात या नावाखाली दोन वेगळ्या वस्तू मिळतात. नावाच्या पाट्या बनवतात तो पीव्हीसीचा टणक बोर्ड हातात घेतला की जड लागतो, त्याचं विमान करू नकोस. आत फोम आणि दोन्ही बाजूंना कागद असतो तो बोर्ड किंवा डेप्रॉन (हलकी फोमची शीट) घे. कापण्याआधी अख्खी शीट काट्यावर ठेव. हॉट ग्लूसुद्धा मोजून वापर. प्रत्येक सांध्यावर जाड थर ओतलेलं विमान मुलं माझ्याकडे आणतात, तेव्हा त्यातला निम्मा गोंद मी खरवडून काढायला लावते.

प्रश्न : आमच्याकडे पठारावर संध्याकाळी वारा असतो. वाऱ्याबरोबर विमान सुसाट जातं, उलटं फिरवलं की जागच्या जागी थांबल्यासारखं दिसतं. परवा वाऱ्याबरोबर जाताना वेग कमी केला, वळवलं आणि कोसळलं. मोटर, सर्व्हो (पंखाच्या-शेपटीच्या झडपा हलवणाऱ्या छोट्या मोटरी) सगळं ठीक आहे. असं का?
— सातारा

उत्तर : तुमच्या डोळ्यांना दिसतो तो जमिनीवरचा वेग, आणि पंखाला कळतो तो हवेतला. विमान हवेत ताशी 35 ने जातंय आणि वारा 15 चा आहे असं धरा. वाऱ्याबरोबर जाताना तुम्हाला ते 50 ने पळताना दिसतं, उलट येताना 20 ने. पंखाच्या दृष्टीने दोन्ही वेळा 35 च आहे. तुम्ही 50 बघून थ्रॉटल कमी केलंत, हवेतला वेग 27-28 वर आला, आणि तिथेच वळवलंत.

वळताना स्टॉलचा वेग वाढतो, हे फार कमी जण नवशिक्याला सांगतात. उंची न सोडता 45 अंश कलवून वळलात तर तो 1.19 पट होतो, 60 अंशांवर 1.41 पट. सरळ उडताना 24 ला स्टॉल होणारं विमान 45 अंशांच्या वळणात 28 ते 29 लाच स्टॉल होतं, 60 अंशांच्या वळणात 34 ला. तुमचं विमान नेमकं या फटीत सापडलं. त्यामुळे वाऱ्याबरोबर जाताना थ्रॉटलला हात लावू नका, आणि वळण मोठं, उथळ घ्या. हातातल्या रिमोटच्या अँटेनाला रिबिनीचा तुकडा बांधा, वारा फिरला की लगेच दिसतं.

संध्याकाळ सोडून पहाट धरा. बार्शीकडे ज्वारी निघाल्यावर रानं मोकळी होतात, तिथे मी मुलांना उजाडल्यापासून आठपर्यंतच उडवू देते. शिकाऊ विमानासाठी वारा ताशी 10 च्या वर नको. पठाराच्या कड्यापासूनही दूर राहा, कडा ओलांडून आलेला वारा मागे गोल फिरतो आणि विमान खाली दाबतो.

प्रश्न : जीपीएस न लावता वेग मोजता येतो का? आणि जायरो (विमानाचा कल ओळखून ते सावरणारं उपकरण) असलेलं विमान आणखी हळू उडवता येतं का?
— अकरावीतली वाचक, नाशिक

उत्तर : येतो. 50 मीटर अंतरावर दोन बांबू रोव, त्या रेषेवरून विमान सरळ ने आणि मैत्रिणीला लांब, दोन्ही बांबूंच्या मध्यावर समोर उभं करून मोबाईलवर व्हिडिओ घ्यायला सांग. नंतर व्हिडिओतल्या फ्रेम मोजून वेळ काढ. जाताना 4 सेकंद आणि येताना 6 लागले तर वेग 45 आणि 30, सरासरी 37.5. सरासरी वेगांची घे, वेळांची घेतलीस तर 36 येईल आणि उत्तर चुकेल. रेषा वाऱ्याच्या दिशेतच आख.

जायरोने स्टॉलचा वेग बदलत नाही. तो पंख सपाट ठेवायला मदत करतो, काहींमध्ये कल ठरावीक अंशांपुढे जाऊ देत नाही, आणि शिकताना त्याचा खरंच उपयोग होतो. पण पंखावरचा भार तेवढाच राहतो. उडवण्याआधी ड्रोन आणि अशी विमानं कुठे उडवता येतात ते दाखवणाऱ्या सरकारच्या डिजिटल स्काय नकाशावर तुझी जागा हिरव्या पट्ट्यात आहे ना, ते बघ. लाल किंवा पिवळ्या पट्ट्यात परवानगीशिवाय उडवता येत नाही.