ऑफिसच्या डब्यात मिसळ नेली की दुपारपर्यंत लगदा होतो. काय करावं?

सगळं एकाच डब्यात भरू नका. फरसाण रस्सा पितं आणि पाच-दहा मिनिटांत मऊ पडतं, त्यामुळे ते कोरड्या, घट्ट झाकणाच्या डबीतच हवं. एकासाठी वाटीभर मोड आलेली मटकी, दीड वाटी कट आणि अर्धी वाटी फरसाण पुरतं.

मटकी कुकरला एकच शिट्टी, तीही कमी पाण्यात. जास्त शिजली तर डब्यात हलून तिचं पिठलं होतं. कट नेहमीपेक्षा थोडा दाट ठेवा. ऑफिसात गरम करताना अर्धी वाटी उकळतं पाणी घातलं की तर्री पुन्हा वर येते. उन्हाळ्यात उसळ सकाळी खळखळून उकळा आणि वाफ गेल्यावरच झाकण लावा. कोंदट डब्यात मटकी लवकर आंबते.

कांदा चिरून न्या, पण मीठ लावू नका, पाणी सुटतं. लिंबाची फोड वेगळी. पाव मायक्रोवेव्हमध्ये दहा सेकंदांपेक्षा जास्त ठेवला तर चिवट होतो. त्यापेक्षा गारच बरा. आणि हो, कटाला स्टीलचा, रबरी रिंगचा डबा घ्या. प्लास्टिकला लागलेला तर्रीचा लाल रंग सहजी निघत नाही.