झगमगाट आणि जिव्हाळा : आरंभीच्या बोलपटांविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आरंभीच्या अमेरिकन बोलपटांत एकच कथा पुन्हा पुन्हा भेटते. रंगमंचावर नाव कमावू पाहणारी मुलगी, तिच्यावर मनापासून प्रेम करणारा साधा तरुण आणि तिला दागिन्यांची व मोटारीची भुरळ घालणारा श्रीमंत पुरुष. शेवटी मुलगी साध्या तरुणाकडे येते. सेन्सॉरच्या धाकामुळे हे शेवट आधीच ठरून गेले होते का? (एक वाचिका, नाशिक)

उत्तर : सेन्सॉरचा धाक होता, परंतु तेवढ्याने या कथेचा उलगडा होत नाही. हॉलिवूडने आपली लिखित आचारसंहिता १९३० मध्ये स्वीकारली आणि तिची कडक अंमलबजावणी १९३४ च्या मध्यापासून सुरू झाली. आपण म्हणता ती कथा मात्र १९२९ मध्येच रुळली होती. तिचे मूळ बोलपटाच्या व्यावसायिक गरजेत आहे. ऑक्टोबर १९२७ मध्ये ‘द जॅझ सिंगर’ने प्रेक्षकांना पडद्यावरील गाण्याची गोडी लावली. त्यानंतर प्रत्येक कंपनीला गाणी हवी होती, आणि पात्रे रस्त्यात उभी राहून अचानक गाऊ लागली तर ते प्रेक्षकांना पटेल की नाही, याची निर्मात्यांना खात्री नव्हती. नायिकाच रंगमंचावरील गायिका किंवा नर्तिका असली की ही अडचण आपोआप सुटत असे. न्यूयॉर्कच्या रंगभूमीवरून नट, गीतकार आणि संगीतकार हॉलिवूडला नेले जात होतेच. त्यांच्यासोबत रंगमंचामागच्या जगाच्या कथाही गेल्या. झगमगाट असा तयार मिळाल्यावर त्याच्या विरुद्ध बाजूला घर आणि घरातला माणूस उभा करणे ओघानेच आले.

तरीही ‘शेवटी मुलगी साध्या तरुणाकडे येते’ हे आपले वाक्य मला पूर्णपणे मान्य करता येत नाही. या प्रकाराचा आद्य नमुना असलेला ‘द ब्रॉडवे मेलडी’ (१९२९) पुन्हा लक्षपूर्वक पाहावा. हँक आणि क्वीनी या दोन बहिणी आपला नाचगाण्याचा कार्यक्रम घेऊन न्यूयॉर्कला येतात. गीतकार एडी हा थोरल्या हँकचा वाग्दत्त वर. तो धाकट्या क्वीनीच्या प्रेमात पडतो. क्वीनीचेही मन त्याच्याकडे ओढ घेते, आणि बहिणीचा संसार मोडू नये म्हणून ती जॉक वॉरिनर नावाच्या श्रीमंत, रंगेल माणसाच्या मेजवान्यांत आणि भेटवस्तूंत स्वतःला लोटून देते. म्हणजे येथे झगमगाट हा मोह उरतच नाही. दुसऱ्या कोणाला वाचवण्यासाठी स्वीकारलेली ती पळवाट आहे. आणि चित्रपटातील खरे स्थिर प्रेम ज्या हँकचे, तिच्याच वाट्याला काही येत नाही. आपण एडीवर कधी प्रेम केलेच नव्हते असे खोटे सांगून ती त्याला क्वीनीच्या मागे धाडते आणि मग आरशासमोर चेहऱ्याचा रंग पुसताना तिला रडू आवरत नाही. बेसी लव्ह या अभिनेत्रीने मूकपटांत नाव कमावले होते. या प्रसंगात हसणे आणि हुंदका तिच्या आवाजात असे मिसळतात की शब्दांचा अर्थ बाजूलाच राहतो. मूकपटाला हे दाखवता आले असते, ऐकवता आले नसते. उत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळवणारा हा पहिला बोलपट. कथा जुनाट आहे म्हणून त्याला नावे ठेवणाऱ्यांनी निदान हा प्रसंग तरी पाहावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. चित्रपट संपतो तेव्हा एडी आणि क्वीनी संसाराला लागलेले असतात, तर हँक नवी जोडीदारीण घेऊन गावोगावच्या दौऱ्यावर निघालेली असते.

प्रश्न : आमच्या चित्रपट मंडळात १९२९ चे दोन-तीन बोलपट दाखवले, परंतु सदस्य कंटाळले. पात्रे एका जागी उभी राहून बोलतात, कॅमेरा हलत नाही. अशा चित्रपटांत कथेच्या पलीकडे पाहण्यासारखे काही आहे का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : सदस्यांचा कंटाळा मी समजू शकतो. त्या काळच्या कॅमेऱ्याच्या घरघरीमुळे ध्वनिमुद्रण बिघडत असे, म्हणून कॅमेरा आणि तो चालवणारा माणूस या दोघांना काचेची खिडकी असलेल्या बंदिस्त खोलीत ठेवले जाई. मायक्रोफोन फुलदाणीत किंवा दिव्यामागे लपवलेला असे आणि नटांना त्याच्या आसपासच बोलावे लागे. मूकपटाने कमावलेली हालचाल त्यामुळे काही काळ हरवली, हे खरे आहे.

परंतु मंडळाने पुढच्या वेळी रुबेन मामूलियन यांचा ‘अप्लॉज’ (१९२९) लावावा. हा त्यांचा पहिलाच चित्रपट, न्यूयॉर्कमधील पॅरामाउंटच्या ॲस्टोरिया स्टुडिओत चित्रित झालेला. रंगभूमीवरून आलेल्या या दिग्दर्शकाने त्या बंदिस्त खोलीचे बंधन मानायचे नाकारले. किटी डार्लिंग ही स्वस्त नाचगाण्यांच्या खेळांतील उतरणीला लागलेली नटी आहे. तिची मुलगी एप्रिल कॉन्व्हेंटमध्ये वाढलेली; सतरा वर्षांची होऊन ती आईकडे परतते तेव्हा तिला त्या जगाची किळस येते. रात्री एका खोलीत आई मुलीला झोपवण्यासाठी गाणे गुणगुणते आणि त्याच वेळी मुलगी दबक्या आवाजात प्रार्थना म्हणते. एकाच मायक्रोफोनवर दोन्ही आवाज स्पष्ट येणे शक्य नव्हते, म्हणून मामूलियन यांनी दोन मायक्रोफोन लावून ते आवाज वेगवेगळे टिपले आणि नंतर एकत्र केले. तंत्राच्या इतिहासात या प्रसंगाचा उल्लेख नेहमी होतो. मला मात्र त्याचे मोल निराळ्या कारणासाठी वाटते. ज्या दोन जगांमध्ये पुढे एप्रिलला निवड करायची आहे, ती दोन्ही येथे एकाच वेळी कानावर पडतात, आणि आईचे जग तेवढ्यापुरते तरी हिणकस वाटत नाही.

एप्रिलला टोनी नावाचा एक साधा खलाशी भेटतो. दोघे शहर हिंडतात, उंच इमारतीच्या गच्चीवर जातात, लग्नाचे ठरवतात. परंतु आईला एकटे सोडणे तिला जमत नाही, म्हणून ती त्याला खोटेच सांगते की तिला रंगमंचच हवा आहे. तिकडे आपण मुलीच्या वाटेतला अडसर आहोत असे वाटून किटीने विष घेतलेले असते. टोनी परत येतो, एप्रिल त्याला बिलगते आणि आईलाही आपण सोबत नेऊ असे सांगते, तेव्हा आई हयात नाही हे तिला ठाऊक नसते. दोघांच्या पाठीमागे भिंतीवर किटीच्या तरुणपणीचे चित्र असलेली जाहिरात दिसत राहते. या शेवटाला सुखान्त म्हणायला माझी जीभ रेटत नाही. साध्या संसाराची वाट मोकळी झाली आहे, परंतु तिची किंमत झगमगाटात आयुष्य घालवलेल्या बाईने चुकवली आहे.

प्रश्न : हे बोलपट त्या काळी मुंबईत दाखवले जात होते का? (एक वाचक, बेळगाव)

उत्तर : होय, १९२९ पासून परदेशी बोलपट हिंदुस्थानात येऊ लागले होते. ‘अप्लॉज’मध्ये किटीची भूमिका करणाऱ्या हेलन मॉर्गन यांच्यामुळे येथे एक जवळचा धागाही सापडतो. ‘शो बोट’ या गाजलेल्या संगीतिकेत त्यांनी रंगमंचावर काम केले होते, आणि त्याच कथेवरून १९२९ मध्ये निघालेल्या, काही भागच बोलका असलेल्या चित्रपटाच्या आरंभी त्यांचे गाणे जोडण्यात आले होते. नदीवरच्या तरंगत्या नाटकशाळेतील मुलगी आईचा विरोध डावलून एका देखण्या जुगाऱ्याशी लग्न करते, अशी त्याची कथा. मुंबईच्या एक्सेलसियर चित्रगृहात अर्देशीर इराणी यांनी तो पाहिला आणि त्यातून त्यांना बोलपट काढण्याची प्रेरणा मिळाली, असे चित्रपटाच्या इतिहासात नोंदले गेले आहे. त्यांचा ‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये लागला. अर्थात इराणींनी तेथून घेतले ते तंत्राचे धाडस. कथा त्यांनी पारशी रंगभूमीवरील नाटकाची घेतली.

प्रश्न : स्थिर प्रेम म्हणजे चांगले आणि झगमगाट म्हणजे वाईट, असेच हे चित्रपट सांगतात का? माझ्या प्रकल्पासाठी याला छेद देणारी उदाहरणे हवी आहेत. (चित्रपट अभ्यासाची एक विद्यार्थिनी, कोल्हापूर)

उत्तर : आपल्याला दोन उदाहरणे देतो, आणि दोन्ही आपण स्वतः पाहूनच लिहावे.

पहिले इंग्लंडमधील, आल्फ्रेड हिचकॉक यांचा ‘ब्लॅकमेल’ (१९२९). दुकानदाराची मुलगी ॲलिस आपल्या पोलीस मित्राला, फ्रँकला, कंटाळली आहे. उपाहारगृहात दोघांचे भांडण होते आणि ती एका चित्रकाराबरोबर त्याच्या खोलीवर जाते. तो तिच्यावर जबरदस्ती करू लागतो, आणि स्वतःला सोडवताना तिच्या हातून त्याचा खून होतो. आता फ्रँकचे स्थिर प्रेम काय करते? तो पुरावा म्हणून सापडलेला तिचा हातमोजा दडवतो. तिला वाचवणारा हाच माणूस यापुढे तिचे गुपित मुठीत धरून राहणार आहे. दोघांचे नाते टिकते, परंतु त्यात आता दिलासा उरलेला नाही. हा चित्रपट मूकपट म्हणून सुरू झाला आणि मग त्याचे बरेच भाग आवाजासह पुन्हा चित्रित झाले. नायिका ॲनी ऑन्ड्रा यांच्या बोलण्यात परदेशी हेल असल्याने जोन बॅरी या अभिनेत्रीने कॅमेऱ्याच्या कक्षेबाहेर उभे राहून तिचे संवाद म्हटले आणि ऑन्ड्रा यांनी त्याच वेळी ओठ हलवले. खुनानंतरच्या सकाळी शेजारीण बडबड करत असते, तिचे बाकीचे शब्द अस्पष्ट होत जातात आणि ‘सुरी’ हा एकच शब्द ॲलिसच्या कानावर आदळत राहतो, तो प्रसंग आपल्या प्रकल्पात जरूर घ्यावा.

दुसरे उदाहरण क्लॅरेन्स ब्राउन यांच्या ‘पझेस्ड’चे (१९३१). जोन क्रॉफर्ड यांनी रंगवलेली मेरियन लहान गावातल्या खोक्यांच्या कारखान्यात काम करते. एका संध्याकाळी रुळांशेजारी ती उभी असताना आलिशान गाडी तिच्यासमोरून संथपणे सरकते आणि उजळलेल्या एकेका खिडकीत एकेक श्रीमंत जग दिसत जाते. बोलपट असूनही हा भाग जवळजवळ संवादांशिवाय रंगवला आहे. मेरियन गाव सोडते, न्यूयॉर्कमध्ये एका वकिलाची लग्नाविना जोडीदार होऊन राहते, आणि तिला मिळतात ती वस्त्रेच नव्हेत, तर वाचन, बोलण्याची ढब आणि आत्मविश्वासही मिळतो. गावाकडचा तिचा अल हा तरुण पुढे परत येतो तो लग्नाची इच्छा घेऊन, आणि त्याच्या मनात सरकारी रस्त्याच्या कंत्राटाचा हिशोबही असतो. स्थिर म्हटल्या गेलेल्या माणसाचे हे रूप दाखवायला धैर्य लागते. ऑक्टोबर १९२९ मध्ये न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळल्यानंतर बेकारी वाढत गेली. त्या काळच्या कामगार प्रेक्षक स्त्रियांना झगमगाट म्हणजे केवळ चैन वाटत नसणार, पगाराच्या पाकिटाच्या पलीकडे जाण्याची ती एकमेव उघडी वाट वाटत असणार. प्रेम की झगमगाट, असा प्रश्न विचारण्यापूर्वी त्या मुलीपुढे तिसरा मार्ग होता का, हे आपण प्रत्येक चित्रपटाला विचारावे.

प्रश्न : अशी निवड कधी पुरुषाच्या वाट्याला आली का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : आली, आणि फ्रँक काप्रा यांच्या ‘प्लॅटिनम ब्लाँड’मध्ये (१९३१) ती फार लोभसपणे आली आहे. स्ट्यू हा बातमीदार धनाढ्य घरातल्या ॲनशी लग्न करून तिच्या वाड्यात राहायला जातो आणि हळूहळू ‘अमुकबाईंचा नवरा’ एवढीच त्याची ओळख उरते. एका प्रसंगी तो त्या प्रचंड दिवाणखान्यात हाका मारून प्रतिध्वनी ऐकतो आणि वाड्याच्या गंभीर नोकरालाही तसे करायला लावतो. ही भूमिका करणारे रॉबर्ट विल्यम्स यांचे चित्रपट प्रदर्शित झाल्यानंतर काही दिवसांतच निधन झाले, ही हळहळ लावणारी गोष्ट आहे. त्यांच्या बोलण्यातली सहजता त्या काळच्या पडद्यावर दुर्मीळ होती.

माझी तक्रार एकच आहे. स्ट्यूवर मूकपणे प्रेम करणारी सहकारी गॅलघर, म्हणजे लोरेटा यंग, हिला कथेने केवळ वाट पाहायला ठेवले आहे. स्ट्यू नाटक लिहायला घेतो, त्यात आपलीच कथा उतरवतो, आणि नाटकाचा शेवट सुचता सुचता आपले प्रेम गॅलघरवर आहे हे त्याला उमगते. तो चुकतो, शिकतो, परततो. तिला मात्र झगमगाट हवा होता का, दुसरे कोणी आवडले होते का, हे चित्रपटात कोणीही विचारत नाही. हँक, एप्रिल आणि मेरियन यांच्या चित्रपटांनी हे प्रश्न नायिकांना विचारले होते, म्हणून काप्रांच्या या चित्रपटापेक्षा मी त्यांना वरचढ मानतो.