पीएच शिकताय? कोबीपासून सुरुवात करा
पीएच म्हणजे द्रावण किती आम्ल वा आम्लारी आहे ते सांगणारा आकडा: ७ उदासीन, त्याखाली आम्ल, वर आम्लारी. लिटमस कागद फक्त आम्ल की आम्लारी एवढंच सांगतो. त्यापेक्षा पुण्यात मंडईतून जांभळा कोबी आणा. वाटीभर चिरून दोन वाट्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये १० मिनिटं उकळा, गार करून गाळा. लिंबाच्या रसात (पीएच साधारण २) हा अर्क लालभडक होतो, खायच्या सोड्यात (८.३) निळसर-हिरवा, चुन्याच्या निवळीत (१२.४) हिरवट-पिवळा.

निवळी मात्र ताजीच घ्या आणि डोळ्यांना जपा. उघडी राहिली की हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषते, वर पांढरा पापुद्रा धरतो, पीएच उतरतो. डिस्टिल्ड वॉटरही याच कारणाने ७ ऐवजी ५.६ च्या आसपास दिसतं. लगेच पीएच मोजणाऱ्या मीटरला दोष देऊ नका. आणि पीएच ३ म्हणजे ४ पेक्षा हायड्रोजन आयन दहापट, हे आधी पक्कं करा.