सरांच्या वहीतले ठिपके

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

आपल्या शाळेतल्या संगीताच्या सरांच्या पहिल्या पुण्यस्मरणानिमित्त निघणाऱ्या स्मरणिकेचा मुख्य लेख तू लिहिते आहेस, याचे मला मनापासून समाधान आहे. तुझा मसुदा मी दोनदा वाचला. त्यात सर 'संगीताचे निस्सीम उपासक' आहेत, 'विद्यार्थिप्रिय' आहेत. परंतु पेटीचा भाता ओढणारे सर मला कुठे दिसले नाहीत. एका दिवंगत सहकाऱ्याविषयी लिहिताना पूर्वी मीही हीच चूक केली होती. लेख वाचून त्यांच्या पत्नीने एवढेच विचारले, "गुरुजी, यात आमचे हे कुठं आहेत?" तो प्रश्न मला अजून छळतो.

म्हणून सरांचे काम लिही. मोझरीचा गुरुकुंज आश्रम आपल्याला जवळ असल्यामुळे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची (१९०९–१९६८) भजने आणि खंजिरी सर येण्याच्या आधीपासून गावात होतीच. सामुदायिक प्रार्थनेला बसणाऱ्या मुलांचे कान तयार आहेत हे सरांनी ओळखले आणि स्वरज्ञानाची सुरुवात तिथूनच केली. आठवी-नववीत मुलाचा आवाज फुटू लागला, की सर त्याला समूहगीतातून काढून टाकत नसत. त्याच्या हाती खंजिरी देत, ताल पक्का करून घेत आणि आवाज स्थिरावल्यावर खालच्या पट्टीत त्याला पुन्हा गायला उभे करत. संगीताच्या परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांची यादी राहू दे, पण या खंजिरीवाल्यांना अवश्य भेट. त्यांतले बरेच जण सध्या कापूस वेचणीत असतील, तेव्हा संध्याकाळी जा. आणि ते वऱ्हाडीत जे सांगतील ते तसेच उतरव, प्रमाण भाषेत सुधारू नकोस.

पावसाळ्यातली पेटीही लेखात यायला हवी. ओल धरून पट्ट्या अडकू लागल्या, की सर मधल्या सुट्टीत झाकण उघडून बसत आणि आतल्या, सूर काढणाऱ्या पितळी पत्त्या मऊ ब्रशने एकेक करून पुसत. सुटलेले स्क्रू पाटीवर ओळीने मांडण्याचे काम ते पाचवीतल्या सर्वांत दंगेखोर मुलाला देत, आणि तो मुलगा तेवढा वेळ श्वास रोखून बसलेला मी पाहिला आहे.

राहिला प्रश्न सरांनी चाली लिहिलेल्या वहीतल्या पानांचा. ती तू नव्याने टंकलिखित करून छापणार आहेस, म्हणून सांगतो: सरांचे लेखन भातखंडे स्वरलिपीत, म्हणजे स्वर अक्षरांनी आणि खुणांनी लिहिण्याच्या पद्धतीत आहे. स्वराखाली ठिपका असेल तर तो मंद्र (खालच्या) सप्तकातला, वर असेल तर तार (वरच्या) सप्तकातला. खाली आडवी रेघ म्हणजे कोमल (किंचित उतरलेला) स्वर आणि मध्यमाच्या, म्हणजे 'म'च्या, डोक्यावर उभी रेघ म्हणजे तीव्र (किंचित चढलेला) मध्यम. टंकलेखनात हे ठिपके शाईचे डाग समजून सहज गळतात, आणि एक ठिपका गळाला तरी सरांची चाल बिघडते. छपाईपूर्वी तपासायची मुद्रिते आली की मूळ वही घेऊन माझ्याकडे ये. तू गा, मी ठिपके तपासतो.

तुझा,
गुरुजी