वाचकांचे प्रश्न : आधी गुन्हा की आधी गुन्हेगार?

काउंटेस ऑफ चेस्टर हे इंग्लंडमधलं रुग्णालय. जून २०१५ ते जून २०१६ या काळात तिथल्या नवजात विभागात बाळं दगावण्याचं प्रमाण अचानक वाढलं. तिथली नर्स लूसी लेटबी हिला ऑगस्ट २०२३ मध्ये मँचेस्टर क्राउन कोर्टात सात बाळांच्या खुनाबद्दल आणि सहा बाळांच्या खुनाच्या प्रयत्नाबद्दल दोषी ठरवण्यात आलं. जुलै २०२४ मध्ये फेरखटल्यात आणखी एका बाळाच्या खुनाच्या प्रयत्नाची भर पडली. शिक्षा आहे मरेपर्यंत तुरुंगवासाची. मग फेब्रुवारी २०२५ मध्ये कॅनडातले नवजाततज्ज्ञ डॉ. शू ली यांच्यासह चौदा तज्ज्ञांनी जाहीर केलं, की खुनाचा वैद्यकीय पुरावा आम्हाला आढळत नाही. तेव्हापासून वाद शमलेला नाही. आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांचा सूर ‘ती दोषी की निर्दोष, एकदाचं सांगा’ असा आहे. तो निवाडा इथे होणार नाही. असा पुरावा कसा तपासतात आणि कुठे दगा देतो, एवढं मात्र नेमकं सांगता येईल.

प्रश्न : कोर्टात एक तक्ता दाखवला होता. पंचवीस घटना, अडतीस नर्सेस आणि सगळ्या घटनांच्या वेळी ड्यूटीवर एकटी लेटबी. हा योगायोग कसा असेल?

तक्त्यात हजेरी दाखवणाऱ्या फुल्या खऱ्याच आहेत. पाहायचं ते हे, की या पंचवीस ओळी निवडल्या कुणी, आणि कुठल्या ओळी गाळल्या. त्या वर्षात त्या विभागातली आणखीही बाळं दगावली होती. ती आरोपपत्रात नव्हती, म्हणून तक्त्यातही नव्हती. सरकारी पक्षाचं म्हणणं असं, की घटना वैद्यकीय निकषांवर निवडल्या, हजेरीपट पाहून नव्हे. पण लेटबी ड्यूटीवर नसतानाच्या घटनाही त्याच निकषांनी चाळून शेजारी मांडल्या असत्या, तरच हे म्हणणं पडताळता आलं असतं. आरोप ज्या घटनांचे, त्यांचाच तक्ता केला तर आरोपीचा रकाना भरलेला दिसणारच. त्यातून नवी माहिती काहीच मिळत नाही.

दुसरी गोष्ट तासांची. जी नर्स जादा पाळ्या करते आणि अतिदक्षतेचं प्रशिक्षण घेतलेली असते, तिच्या वाट्याला सर्वांत नाजूक बाळं येतात. म्हणून हजेरी मोजताना पाळ्यांची संख्या, बाळांचे आठवडे आणि वजन हिशेबात धरावं लागतं. ‘तिला हलवलं आणि मृत्यू थांबले’ हा मुद्दाही वारंवार येतो. तिला जुलै २०१६ मध्ये हलवलं, आणि त्याच महिन्यात त्या विभागाचा दर्जा उतरवून ३२ आठवड्यांच्या आत जन्मलेली बाळं घेणं बंद केलं. दोन बदल एकदम झाले की श्रेय कुठल्या बदलाचं, हे आकडा सांगू शकत नाही.

आकड्यांनी केलेली सगळ्यात मोठी फसगत नेदरलँड्समधली. नर्स लूसिया डी बर्क हिच्या खटल्यात ‘हा योगायोग ३४ कोटी २० लाखांत एक’ असा आकडा पुढे आला. तिला २००३ मध्ये जन्मठेप झाली. पुढे प्रकरण पुन्हा उघडलं आणि एप्रिल २०१० मध्ये ती निर्दोष सुटली. त्या आकड्यातली एक चूक घरी बसून करून पाहता येते. तीन विभागांसाठी वेगवेगळी काढलेली संभाव्यता तिथे सरळ एकमेकींना गुणली होती. समजा, एखाद्या नर्सच्या प्रत्येक विभागात तिच्या पाळ्यांमधल्या घटना अगदी सामान्य आहेत. इतक्या सामान्य, की ‘एवढ्या किंवा याहून जास्त’ घटना होण्याची शक्यता निम्मी. अशा वीस विभागांत तिने काम केलं तर अर्धा वीस वेळा गुणा. उत्तर येतं साडेदहा लाखांत एक. बिचारीने काहीच केलेलं नाही, नुसती नोकरी बदलत राहिली आहे! ब्रिटनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने २०२२ मध्ये, म्हणजे लेटबीचा खटला उभा राहत होता त्याच वर्षी, अशा चौकश्यांमधल्या संख्याशास्त्रीय चुकांवर सविस्तर अहवाल काढला होता.

प्रश्न : तक्ता सोडा. इन्सुलिनचा रिपोर्ट तर यंत्राने दिलेला आहे ना? त्यात काय शंका?

सरकारी पक्षाचा सगळ्यात भक्कम पुरावा हाच होता. लेटबीने दोन बाळांना इन्सुलिन दिलं, असा आरोप होता; त्या दोन्ही आरोपांवर ज्युरीचं एकमत झालं. खुद्द लेटबीनेही साक्षीत मान्य केलं, की कुणीतरी इन्सुलिन दिलं असणार. मात्र ते मी दिलं नाही. म्हणून हा मुद्दा जरा खोलात जाऊन पाहू.

स्वादुपिंडात आधी प्रोइन्सुलिन बनतं. ते तुटलं की एक रेणू इन्सुलिनचा आणि एक सी-पेप्टाइडचा. रक्तात उतरताना दोघं समसमान. पण इन्सुलिन रक्तातून झपाट्याने निघून जातं, निम्मं व्हायला त्याला जेमतेम पाच मिनिटं लागतात. सी-पेप्टाइडला अर्धा तास. त्यामुळे इन्सुलिन शरीराचं स्वतःचं असेल तर सी-पेप्टाइड त्याच्या साधारण पाच ते दहा पट दिसायला हवं. औषधाच्या कुपीतल्या इन्सुलिनमध्ये सी-पेप्टाइड नसतंच. कोर्टात ‘बेबी एफ’ म्हटल्या गेलेल्या बाळाच्या ऑगस्ट २०१५ मधल्या नमुन्यात इन्सुलिन ४६५७ पिकोमोल प्रति लिटर आणि सी-पेप्टाइड १६९ पेक्षा कमी आलं. नेहमीच्या हिशेबाने सी-पेप्टाइड वीस हजारांच्या पुढे हवं होतं. इथवर सरकारी पक्षाची बाजू सरळ आहे.

आता यंत्र काय मोजतं ते पाहा. नेहमीच्या लॅबमधली इम्युनोअसे चाचणी इन्सुलिनचा रेणू थेट ओळखत नाही. किटमधले प्रतिपिंड (अँटिबॉडी) कशाला तरी चिकटतात, त्यातून संकेत निघतो आणि त्या संकेताचा आकडा होतो. रुग्णाच्या रक्तातच इन्सुलिनला धरून ठेवणारे प्रतिपिंड असले (नवजात बाळात ते आईकडून नाळेवाटेही येऊ शकतात), तर इन्सुलिन रक्तात अडकून साठत जातं, सी-पेप्टाइड मात्र नेहमीसारखं निघून जातं. गुणोत्तर उलटं दिसतं आणि बाहेरून कुणी काहीच दिलेलं नसतं. बचावाच्या बाजूचे तज्ज्ञ आज बोट ठेवतात ते याच शक्यतेवर. ‘नमुना खराब झाला असेल’ ही सबब मात्र इथे चालत नाही. तांबड्या पेशी फुटल्या तर इन्सुलिनचा आकडा कमी येतो, जास्त नाही.

या शंकेचं निरसन करायच्या रीती ठरलेल्या आहेत. तोच नमुना दुसऱ्या पद्धतीच्या किटवर लावायचा. तो दुप्पट, मग चौपट पातळ करून मोजायचा. ४६५७ चे सुमारे २३३० आणि ११६५ झाले तर ठीक, आकडे तसे उतरले नाहीत तर मध्ये कशाची तरी ढवळाढवळ आहे. प्रतिपिंडांना चिकटलेलं इन्सुलिन वेगळं काढून उरलेलं मोजायचं. आणि शेवटी मास स्पेक्ट्रोमेट्री, जी रेणू वजनावरून ओळखते. ज्या लॅबने बेबी एफचा आकडा दिला, तिनेच खात्रीसाठी नमुना गिल्डफर्डच्या विशेष प्रयोगशाळेकडे पाठवण्याचं सुचवलं होतं. तो पाठवला गेला नाही. बाळ बरं झालं होतं. उपचाराच्या दृष्टीने प्रश्न मिटला होता. काही वर्षांनी त्याच आकड्यावर खटला उभा राहिला तेव्हा फेरतपासणीला नमुना उरलेला नव्हता.

दुसऱ्या पारड्यातही वजन आहे, हे विसरू नये. बाळाची साखर ग्लुकोज चालू असतानाही तासन्तास खाली राहिली होती, म्हणजे नुसत्या लॅबच्या आकड्याची ही गोष्ट नाही. पण अपुऱ्या दिवसांच्या बाळाची साखर खाली राहायला संसर्गापासून शिरेबाहेर झिरपणाऱ्या सलाईनपर्यंत बरीच कारणं असतात. ती एकेक तपासून बाद करावी लागतात.

प्रश्न : ‘मी दुष्ट आहे, हे मी केलं’ असं तिने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. आणखी काय हवं?

त्याच चिठ्ठ्यांत ‘मी काहीही चूक केलेली नाही’ असंही लिहिलेलं आहे. चिठ्ठी पुरावा म्हणून उभी राहायची तर तिच्यात काहीतरी असं हवं, जे फक्त करणाऱ्यालाच माहीत असेल: कुठलं बाळ, कधी, कशाने. तसं तिच्यात नाही. तिच्या घरी पाळीबदलाच्या वेळी देतात ते रुग्णमाहितीचे २५७ कागद सापडले, त्याचा बराच गवगवा झाला. त्यांतले २१ आरोपपत्रातल्या बाळांचे, बाकीचे इतरांचे. रुग्णांचे कागद घरी नेणं हा नियमभंग आहेच. त्याहून जास्त त्या ढिगातून काढणं अवघड.

प्रश्न : डॉ. ली यांनी आपल्याच लेखाचा गैरवापर झाला म्हटलं. म्हणजे नेमकं काय?

काही बाळांच्या शिरेत हवा सोडली, असा आरोप होता. नवजात बाळांमधल्या अशा हवेच्या बुडबुड्यांवर डॉ. ली हे १९८९ मधल्या एका लेखाचे सहलेखक. निळसर पडलेल्या त्वचेवर गुलाबी रक्तवाहिन्या उठून दिसतात, असं एक चिन्ह त्यात नोंदलेलं आहे. चेस्टरमधल्या डॉक्टरांनी आणि नर्सेसनी नंतर वर्णन केलेले त्वचेवरचे चट्टे त्याच्याशी जुळवले गेले. डॉ. ली यांचा आक्षेप असा, की साक्षीतले चट्टे त्या वर्णनात बसतच नाहीत. शिवाय शिरेतून गेलेली हवा आणि व्हेंटिलेटरच्या दाबामुळे फुप्फुसातून शिरलेली हवा यांची चिन्हं वेगळी.

व्यवहारातली अडचण अशी, की हवा स्वतःचा माग ठेवत नाही. शवविच्छेदनात रक्तवाहिन्यांत वायू दिसला तरी तो छाती दाबून जीव वाचवण्याच्या खटपटीतून आलेला असू शकतो, किंवा मृत्यूनंतर तयार झालेला. म्हणून शरीर उघडण्याआधी, होईल तितक्या लवकर एक्स-रे घ्यायचा आणि चट्ट्याचा फोटो त्याच क्षणी काढायचा. महिन्यांनंतर आठवून सांगितलेला रंग फार तोकडा पुरावा असतो.

प्रश्न : एवढे तज्ज्ञ म्हणताहेत तर अपील कोर्टाने ऐकलं का नाही?

डॉ. ली यांचं ऐकलं, पण नाकारलं; चौदा तज्ज्ञांचं निवेदन त्यानंतरचं. मे २०२४ मध्ये अपील कोर्टाने परवानगी दिली नाही, आणि डॉ. ली यांचं म्हणणं त्या सुनावणीत मांडलं गेलं होतं. इंग्लंडचं अपील कोर्ट खटला नव्याने चालवत नाही. नवा पुरावा घ्यायचा की नाही हे १९६८ च्या फौजदारी अपील कायद्याच्या कलम २३ नुसार ठरतं, आणि त्यातला कळीचा प्रश्न असतो : हा पुरावा मूळ खटल्यातच का आणला नाही? लेटबीच्या वकिलांनी वैद्यकीय तज्ज्ञांचं मत घेतलं होतं, पण एकालाही साक्षीला उभं केलं नाही. तिच्याशिवाय बचावाचा एकच साक्षीदार होता, रुग्णालयाच्या तुंबलेल्या सांडपाण्याबद्दल सांगणारा प्लंबर. ‘त्या वेळी आणला नाही, आता आणतो’ हे तिथे सहसा चालत नाही.

उरतो तो रस्ता फौजदारी खटला पुनर्विलोकन आयोगाचा. शिक्षा टिकणार नाही अशी वास्तव शक्यता वाटली तर आयोग प्रकरण अपील कोर्टाकडे धाडतो. लेटबीतर्फे आयोगाकडे अर्ज गेला तो फेब्रुवारी २०२५ मध्ये.

प्रश्न : मग असे गुन्हे होतच नाहीत असं म्हणायचं का?

मुळीच नाही. १९९१ मध्ये इंग्लंडमधल्याच ग्रँथमच्या रुग्णालयात बेव्हर्ली अॅलिट या नर्सने चार मुलांचा जीव घेतला; १९९३ मध्ये तिला तेरा जन्मठेपा झाल्या. तिथेही एका मुलाच्या रक्तात अवाच्या सवा इन्सुलिन आढळलं होतं. ‘असं होतं’ आणि ‘असंच झालं’ यांची गल्लत दोन्ही बाजूंचे लोक करतात, एवढंच.

प्रश्न : मी नवजात विभागात नर्स आहे. आमच्याकडे असं काही घडल्याची शंका आली तर पहिल्या दिवशी काय करावं?

सर्वांत आधी वस्तू वाचवा. चालू असलेली सलाईनची पिशवी, नळी, सिरिंज फेकू नका. तोंड बंद करून, लेबल आणि बॅच नंबरसह सील करा, कुणी कधी सील केलं ते लिहा. साखर खाली असतानाच, ग्लुकोजचा डोस द्यायच्या आधी, इन्सुलिन आणि सी-पेप्टाइडसाठी रक्त घ्या. त्यासाठी उपचार मात्र अडवायचा नाही. नमुना बर्फात ठेवून लगेच लॅबला पोचवा आणि उरलेला गोठवून ठेवायला लेखी सांगा. पंप आणि मॉनिटरमधल्या नोंदी त्यांवर नवी माहिती चढण्याआधी उतरवून घ्या. बाळ दगावलं असेल तर नवजात मृत्यूंचा अनुभव असलेल्या पॅथॉलॉजिस्टकडूनच शवविच्छेदन व्हावं असा आग्रह धरा.

मग घटनांची यादी. ‘अचानक अत्यवस्थ’ म्हणजे काय, याची व्याख्या आधी कागदावर उतरवा आणि त्या काळातल्या झाडून सगळ्या घटना तिच्यातून चाळा. चाळणारे डॉक्टर बाहेरचे असावेत आणि ड्यूटीचा तक्ता त्यांच्या हाती पडू नये. त्यांचा निष्कर्ष सहीनिशी बंद झाला, की मगच हजेरी जोडायची. संशय कुणावर असेल तर त्या व्यक्तीला चौकशीपुरतं रुग्णांपासून दूर ठेवता येतं. त्यासाठी ठपका ठेवावा लागत नाही.

आणि शंका तोंडी बोलून थांबू नका. चेस्टरमध्ये मृत्यू वाढू लागले ते जून २०१५ मध्ये. वरिष्ठ डॉक्टर व्यवस्थापनाकडे खेटे घालत राहिले, उलट त्यांनाच लेटबीची माफी मागायला लावली गेली, आणि रुग्णालयाने पोलिसांना कळवलं ते मे २०१७ मध्ये. तोवर इन्सुलिनचा नमुना, सलाईनच्या पिशव्या आणि साक्षीदारांची ताजी आठवण, तिन्ही हातची गेली होती.