काळा विनोद काढायचाय? मग सुरा आधी खाली ठेव

तुझ्या काळ्या विनोदाच्या, म्हणजे मरणावर हसवणाऱ्या चित्रपुस्तकाची पानं पाहिली. ससा झकास आहे, पण त्याच्या हातात सुरा आणि रक्ताचं थारोळं आलं की गंमत संपते, नुसता धक्का उरतो. अमेरिकन लेखक-चित्रकार एडवर्ड गोरीचं १९६३ सालचं 'द गॅशलीक्रंब टायनीज' हे पुस्तक मिळव. ए ते झेड, २६ मुलं, प्रत्येकाचा मृत्यू एका ओळीत. कित्येक चित्रांत तो दाखवतो अनर्थाच्या आधीचा क्षण. पुढचं आपलं डोकं पुरं करतं. नेव्हिल कंटाळून मरतो, आणि चित्रात? मोठी खिडकी, तळाशी डोळ्यांपर्यंतच दिसणारं डोकं. बस्स. रेघा मात्र बारीक, शांत, अगदी सभ्य. तू उलट करतोस: प्रसंग भयंकर, त्यात रेषाही किंचाळते. चेहरे कोरे ठेवून बघ.

हसू कोणाच्या जिवावर येतंय तेही तपास. दुबळ्याची टर उडवणं सोपं असतं. आव आणणारे मोठे, कडक शिस्तीचे काका, इस्त्रीच्या कपड्यातला लांडगा, हे जास्त रस देतात.

धंद्याचं बोलायचं तर मुलांसाठीच्या आणि मोठ्यांसाठीच्या कामाचे दोन पोर्टफोलिओ वेगळे ठेव. टोमी उंगरर या बालपुस्तकांच्या फ्रेंच चित्रकारानं मोठ्यांसाठी कामुक चित्रं काढली आणि अमेरिकेतल्या ग्रंथालयांनी त्याची बालपुस्तकंही कपाटातून काढली. पुढे १९९८ला त्यालाच बालसाहित्यातला मानाचा अँडरसन पुरस्कार मिळाला, पण मधली वर्षं गेलीच ना! म्हणून संपादकाला फाइल पाठवताना हे पुस्तक कोणत्या वयासाठी, ते पहिल्याच ओळीत लिही. आणि हो, तो ससा फेकू नकोस. त्याच्या हातात सुऱ्याऐवजी पाहुण्यांची यादी दे, मागे चुलीवर मोठं पातेलं.